लाव्हॉझिए आणि त्याचा तराजू

रसायनशास्त्राचे पहिले धडे शिकवितांना दरवर्षीं एक अनुभव ठरलेला असतो. रासायनिक विक्रियांचे मुख्य प्रकार कोणते, असें विचारलें म्हणजे वर्गांतील बहुतेक हात वर होतात, आणि संयोग, अपघटन, विस्थापन व दुहेरी विस्थापन हीं चार नांवें पाढ्याप्रमाणें एका दमांत म्हणून दाखविलीं जातात. परंतु लोखंड गंजलें म्हणजे गंजासह त्याचें वजन कमी भरतें कीं जास्त, असा प्रश्न टाकला कीं तेच हात हळूहळू खालीं येतात. गंज लोखंडाला खातो असें आपण घरीं ऐकत आलों आहों. मग जें खाल्लें गेलें तें वाढेल कसें? ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा ज्यानें वीस वर्षें पिच्छा पुरविला, आणि त्या ओघांत वरील चारही प्रकार ज्याच्या हाताखालून गेले, त्या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहें.

आंत्वान लॉरां लाव्हॉझिए ह्याचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील वकील होते व घरची स्थिति चांगली होती. आंत्वान पांच वर्षांचा असतांना त्याची आई वारली, आणि पुढें त्याच्या मावशीनें त्याला आईच्या मायेनें वाढविलें. माझारँ कॉलेजांत त्याला गणित व ज्योतिष ह्यांची गोडी लागली. रूएल नांवाच्या प्रसिद्ध अध्यापकाच्या व्याख्यानांनीं रसायनाचें वेड लागलें. वडिलांच्या इच्छेस मान देऊन त्यानें कायद्याची परीक्षा दिली आणि १७६४ सालीं वकिलीची सनदहि मिळविली. पण वकिली अशी त्यानें केलीच नाहीं. गेटार नांवाच्या भूगर्भशास्त्रज्ञाबरोबर तो रानोमाळ हिंडे आणि खनिजें गोळा करी.

अशा खनिजांपैकीं एक जिप्सम. पॅरिसच्या आसपास तें विपुल सांपडतें. तें भाजून केलेल्या पांढऱ्या पुडीस प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणतात, हें हाड मोडल्यावर ज्याच्या हातापायास प्लॅस्टर बसलें आहे त्यास तरी सांगावयास नको. ही पूड पाण्यांत कालवली म्हणजे दगडासारखी घट्ट कां होते? लाव्हॉझिएनें जिप्सम तापवून त्यांतून किती पाणी निघतें तें मोजलें, आणि पूड घट्ट होतांना नेमकें तेंच पाणी पुन्हां घेते असें दाखविलें. भट्टीवर एका पदार्थाचे दोन झाले, हें अपघटन. कालवतांना दोहोंचा पुन्हां एक झाला, हा संयोग. १७६५ सालीं हा निबंध त्यानें विज्ञान-अकादमीपुढें वाचला, तेव्हां त्याचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. निबंध लहानसाच आहे; पण जें आंत गेलें आणि जें बाहेर आलें त्या दोहोंचाहि हिशेब तराजूनें द्यावयाचा, ही जी त्याची पुढील सर्व आयुष्याची रीति, ती येथेंच दिसते.

पुढील वर्षीं पॅरिसच्या रस्त्यांवरील दिव्यांसंबंधीं लिहिलेल्या निबंधाबद्दल त्यास राजाकडून सुवर्णपदक मिळालें. १७६८ सालीं तो अकादमीचा सभासद झाला. ह्याच सालीं त्यानें दुसरीहि एक गोष्ट केली, आणि तिच्यामुळेंच पुढें त्याचा प्राण गेला. फ्रान्सच्या राजाचे कांहीं कर सरकारी नोकर वसूल करीत नसत. धनिकांची एक मंडळी ठराविक रक्कम राजास देऊन मिठावरील, तंबाखूवरील व शहरांत येणाऱ्या मालावरील कर मक्त्यानें घेई, आणि मग प्रजेकडून वसूल करी. आईकडून मिळालेला पैसा घालून लाव्हॉझिएनें ह्या मंडळींत भाग विकत घेतला. त्याच्या प्रयोगशाळेंत जे उत्कृष्ट तराजू व उपकरणें आलीं तीं बऱ्याच अंशीं ह्या उत्पन्नांतून आलीं. मिठासारख्या वस्तूवर गरिबाकडून घेतलेल्या कराचा पैसा तो. ही गोष्ट चरित्रकारानें झांकून ठेवणें बरें नव्हे.

१७७१ सालीं त्याच मंडळींतील झाक पॉल्झ ह्याची कन्या मारी हिच्याशीं त्याचा विवाह झाला. वर अठ्ठावीस वर्षांचा, वधू पुरती चौदाचीहि नव्हती. पन्नाशीच्या एका सरदाराशीं तिचें लग्न लावण्याचा घाट वडील माणसांनीं घातला होता. तो टाळण्यासाठीं पित्यानें हा जांवई पसंत केला. आज अशा विवाहास कोणी संमति देणार नाहीं. पण ही मुलगी पतीच्या प्रयोगशाळेंत नुसती पाहत बसली नाहीं. पतीस इंग्रजी येत नव्हतें, म्हणून ती इंग्रजी शिकली व त्या भाषेंतील रसायनावरील ग्रंथांचें तिनें भाषांतर केलें; प्रसिद्ध चित्रकार दाव्हीद ह्याच्या हाताखालीं चित्रकला शिकून तिनें उपकरणांच्या अचूक आकृति काढल्या; प्रयोग चालला असतां आंकडे टिपण्याचें कामहि ती करी. मक्त्याचें काम दिवसा असे. म्हणून सकाळीं सहा ते नऊ व सायंकाळीं सात ते दहा हे तास आणि आठवड्यांतील एक संपूर्ण दिवस विज्ञानाकडे, असा त्या घराचा नेम होता.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. त्या काळीं विद्वानांचें मत असें होतें कीं जळणाऱ्या प्रत्येक पदार्थांत फ्लॉजिस्टन नांवाचें एक तत्त्व असतें. पदार्थ जळतांना तें निघून जातें आणि मागें राख किंवा भस्म उरतें. लांकूड जळून मूठभर राख उरते हें पाहणाऱ्यास हें मत सहज पटण्यासारखें आहे. पण धातूंची गोष्ट निराळी. कथील किंवा शिसें तापवून त्याचें भस्म केलें तर भस्माचें वजन मूळ धातूपेक्षां अधिक भरतें. कांहीं तरी निघून गेलें, आणि वजन वाढलें! ह्या अडचणीवर कित्येकांनीं फ्लॉजिस्टनला वजनच नाहीं, किंवा तें उणें आहे, असेहि तर्क लढविले. लाव्हॉझिएनें तर्क बाजूस ठेवून तराजू हातीं घेतला. १७७२ च्या शरद्‌ऋतूंत त्यानें गंधक व फॉस्फरस जाळून पाहिले. दोहोंचेंहि वजन वाढलें. हवेंतील कांहीं तरी त्यांत जाऊन मिसळतें हें त्यानें ताडलें, आणि दुसऱ्या कोणी आधीं जाहीर करूं नये म्हणून १ नोव्हेंबर रोजीं ही गोष्ट कागदावर लिहून, लिफाफ्यास मोहोर लावून तो अकादमीच्या चिटणिसाच्या स्वाधीन केला. कीर्तीची हांव त्यास होतीच.

दोन वर्षांनीं त्यानें कथील कांचेच्या चंबूंत घालून चंबूचें तोंड वितळवून बंद केलें, चंबू तोलला, आणि मग तो तापविला. आंत कथिलाचें कांहीं भस्म झालें. पुन्हां तोलून पाहतों तों वजनांत फरक नाहीं! अग्नींतून आंत कांहीं आलें नाहीं, आंतलें बाहेर कांहीं गेलें नाहीं. मग त्यानें चंबूचें तोंड फोडलें, तशी बाहेरची हवा आवाज करीत आंत शिरली, आणि आतां वजन वाढलें. ही वाढ कथिलाच्या वाढलेल्या वजनाएवढीच भरली. आमच्या मतें शाळेंत शिकविण्यासारखा ह्याहून सुंदर प्रयोग दुसरा नाहीं. तो करण्यास चांगला तराजू आणि पुष्कळ धीर एवढींच साधनें लागतात.

पण हवेंतील तें कांहीं तरी म्हणजे काय? १७७४ च्या ऑक्टोबरांत जोसेफ प्रीस्टले हा इंग्रज धर्मोपदेशक व रसायनज्ञ पॅरिसला आला. लाव्हॉझिएच्या घरीं भोजनप्रसंगीं त्यानें सांगितलें कीं पाऱ्याचें तांबडें भस्म भिंगानें सूर्यकिरण एकवटून तापविलें असतां एक वायु निघतो, व त्यांत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळते. हा प्रयोग प्रीस्टलेनें १ ऑगस्ट १७७४ रोजीं केला होता. स्वीडनमधील शेले ह्यास तोच वायु त्याच्याहि आधीं सांपडला होता, पण त्याचा ग्रंथ १७७७ सालीं छापून निघाला. प्रीस्टले अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनवादीच राहिला. त्या वायूचा खरा अर्थ लावला लाव्हॉझिएनें.

त्याचा तो प्रसिद्ध प्रयोग असा. लांब व वांकड्या मानेच्या कांचपात्रांत त्यानें चार औंस शुद्ध पारा घातला. पात्राची मान पाऱ्याच्या परातींत उपड्या ठेवलेल्या कांचेच्या हंडींत वर काढलेली होती. पात्र व हंडी मिळून आंत ५० घनइंच हवा होती. खालीं शेगडी पेटवून बारा दिवस व बारा रात्री त्यानें ती विझूं दिली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून पाऱ्यावर तांबडे कण दिसूं लागले. ते वाढत गेले आणि पुढें वाढेनासे झाले. बाराव्या दिवशीं विस्तव काढला, सर्व थंड होऊं दिलें, तों हवा ४२ ते ४३ घनइंच उरली होती. तींत मेणबत्ती विझली, प्राणी गुदमरले. मग तांबडे कण वेंचून तोलले. ते ४५ ग्रेन भरले. तेच कण लहान पात्रांत घालून अधिक कडक आंचेवर तापवितांच ४१॥ ग्रेन पारा मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायु निघाला. हा वायु उरलेल्या हवेंत परत मिसळला, तेव्हां पूर्वीसारखी साधी हवा तयार झाली!

विद्यार्थ्यांनो, हे आंकडे पाठ करावयाचे नाहींत. पण त्यांतील घडी पाहा. मंद आंचेवर पारा व प्राणवायु ह्यांचा संयोग. कडक आंचेवर त्याच भस्माचें अपघटन. एकच पदार्थ जोडून दाखविला आणि तोडूनहि दाखविला. जितका वायु नाहींसा झाला होता, जवळजवळ तितकाच परत हातीं आला. गंजणारें लोखंडहि असेंच हवेंतून प्राणवायु ओढून घेतें, आणि म्हणून गंजासह तें जड भरतें. लांकडाची राख हलकी कां, तर जळतांना बनलेले पदार्थ वायुरूपानें धुराड्यांतून निघून गेले, त्यांस कोणी तोललेंच नाहीं!

ह्या वायूस लाव्हॉझिए प्रथम श्वसनास योग्य हवा व पुढें ऑक्सिजन म्हणूं लागला. ऑक्सिजन ह्याचा अर्थ अम्लजनक. सर्व अम्लांत हा वायु असलाच पाहिजे अशी त्याची समजूत होती. ती चुकीची होती. मिठापासून होणाऱ्या तीव्र अम्लांत ऑक्सिजन मुळींच नाहीं, हें पुढें हम्फ्री डेव्हीनें उजेडांत आणलें. आपल्या मराठींतील प्राणवायु हें नांव ह्या चुकीपासून आपोआप वांचलें आहे.

आणखी एक दोष सांगून टाकतों. प्रीस्टलेकडून त्यास जें कळलें त्याबद्दल त्यानें मोकळेपणानें ऋण मानलें नाहीं. पाण्याच्या बाबतींतहि तेंच. हायड्रोजन व प्राणवायु ह्यांपासून पाणी बनतें हें लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशनें आधीं पाहिलें होतें. १७८३ च्या जून महिन्यांत ती बातमी पॅरिसला आली, आणि लाव्हॉझिए व लाप्लास ह्यांनीं २४ जून रोजीं घाईनें तो प्रयोग करून दाखविला. पाणी हें मूलतत्त्व नसून संयुग आहे हा निष्कर्ष स्पष्ट शब्दांत मांडण्याचें श्रेय मात्र लाव्हॉझिएचेंच.

जोडून झालें, आतां तोडून दाखवावयास हवें. पुढील वर्षीं मनिए ह्या लष्करी अधिकाऱ्यासह त्यानें बंदुकीची लोखंडी नळी लाल होईपर्यंत तापविली आणि तिच्यांतून पाण्याची वाफ सोडली. दुसऱ्या टोंकास हायड्रोजन बाहेर पडला. नळीच्या आंतून काळें, ठिसूळ भस्म धरलें, व नळीचें वजन वाढलें. पाण्यांतील प्राणवायु लोखंडानें घेतला व हायड्रोजनला जागेवरून हुसकून लाविलें. ह्यालाच विस्थापन म्हणतात. त्या वेळीं फ्रान्समध्यें विमानाच्या फुग्यांचें नवें वेड होतें व त्यांसाठीं हायड्रोजन हवा होता. म्हणजे ह्या प्रयोगामागें शास्त्राबरोबर गरजहि होती.

चौथा प्रकार त्याच्या नोकरींत आला, आणि त्याची कथा थोडीशी आपल्या देशाशीं जुळते. बंदुकीच्या दारूंत सर्वांत मोठा भाग सोऱ्याचा. बिहारांतील नोनिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मातींतून सोरा काढीत, आणि युरोपांतील व्यापारी तो जहाजें भरभरून नेत. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर हा व्यापार इंग्रज कंपनीच्या मुठींत गेला, आणि फ्रान्सला युद्धकाळांत सोऱ्याची टंचाई पडूं लागली. १७७५ सालीं दारूखात्याची नवी व्यवस्था होऊन तिच्या चार अधिकाऱ्यांत लाव्हॉझिए नेमला गेला, व शस्त्रागाराच्या इमारतींत राहावयास आला. त्याची मोठी प्रयोगशाळा ती हीच. जुन्या भिंती, तळघरें व तबेले ह्यांच्या मातींत कॅल्शियम नायट्रेट असतें. माती धुऊन काढलेल्या पाण्यांत लांकडाच्या राखेंतील पोटॅशियम कार्बोनेट घातलें कीं दोन क्षार आपले जोडीदार बदलतात. खडू पांढऱ्या सांक्याच्या रूपानें तळीं बसतो आणि सोरा पाण्यांत राहतो. तें पाणी आटवून सोऱ्याचे स्फटिक काढतात. ही अदलाबदल म्हणजेच दुहेरी विस्थापन. पूर्वी सोरा काढणाऱ्यांस कोणाच्याहि घरांत शिरून जमीन खणण्याचा अधिकार असे व लोक त्यास फार कंटाळले होते. नव्या व्यवस्थेंत हा जाच हळूहळू दूर झाला, आणि तरीहि सोरा वाढला.

हें काम निर्धोक नव्हतें. बेर्तोले ह्या त्याच्या मित्रानें शोधलेला पोटॅशियम क्लोरेट हा क्षार सोऱ्याऐवजीं घालून अधिक जोरदार दारू होते काय, हें पाहण्यासाठीं २७ ऑक्टोबर १७८८ रोजीं एसोन येथील कारखान्यांत मंडळी जमली. लाव्हॉझिए व त्याची पत्नीहि होती. मंडळी थोडी दूर गेली असतां भयंकर स्फोट होऊन जवळ असलेलीं दोन माणसें ठार झालीं. लाव्हॉझिए दांपत्य व बेर्तोले थोडक्यांत बचावले.

१७८७ सालीं लाव्हॉझिए, गीतों द मोर्व्हो, बेर्तोले व फूर्क्र्वा ह्यांनीं पदार्थांस नवीं नांवें देण्याची पद्धति प्रसिद्ध केली. पूर्वीचीं नांवें मनःपूत असत. नव्या नांवावरून पदार्थांत काय आहे हें कळूं लागलें. वर आलेलीं नायट्रेट, कार्बोनेट हीं नांवें त्याच पद्धतींतलीं. १७८९ सालीं त्याचा रसायनाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ निघाला. त्यांत ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. प्रकाश व उष्णता ह्यांचीहि तींत गणना आहे, ती पुढें गळाली. द्राक्षरस आंबून मद्य होतें त्याचें विवेचन करतांना विक्रियेपूर्वीचें व विक्रियेनंतरचें एकंदर द्रव्य सारखेंच असतें हें तो गृहीत धरतो, आणि द्राक्षरस एका बाजूस, मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या बाजूस, मध्यें बरोबरीचें चिन्ह, अशी मांडणी करतो. फळ्यावर आपण जीं समीकरणें सोडवितों त्यांचें हें मूळ.

त्याच वर्षीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. लाव्हॉझिए सुधारणांच्या विरुद्ध नव्हता. ब्ल्वा शहरावर १७८८ सालीं दुष्काळ आला तेव्हां धान्यखरेदीसाठीं त्यानें बिनव्याजी पैसे दिले होते. क्रांतीनंतर वजनमापांची दशमान पद्धति बसविण्याच्या कामांत तो मनापासून राबला. आपण किलोग्रॅमनें साखर आणतों, त्या किलोग्रॅमचें पहिलें माप ठरवितांना पाण्याचें वजन घेणारांत तो होता. परंतु लोक विसरले नव्हते. चोरटा माल आंत येऊं नये म्हणून पॅरिसभोंवतीं भिंत बांधण्याची सूचना त्याचीच होती, आणि त्या भिंतीनें शहराचा श्वास कोंडला अशी लोकांची तक्रार होती. ज्याच्या अग्निविषयक निबंधाची पूर्वी अकादमीनें कदर केली नव्हती त्या मारानें १७९१ सालीं त्याच्यावर वर्तमानपत्रांतून विखारी टीका केली. १७९३ च्या ऑगस्टांत अकादमीच बंद झाली. नोव्हेंबरांत सर्व मक्तेदारांना पकडण्याचा हुकूम सुटला, आणि २८ तारखेस लाव्हॉझिए सासऱ्यासह आपण होऊन तुरुंगांत दाखल झाला.

तंबाखूंत प्रमाणाबाहेर पाणी घालून लोकांना फसविलें, असा मक्तेदारांवरील आरोपांत एक होता. ८ मे १७९४ रोजीं खटला चालला आणि त्याच दिवशीं अठ्ठावीस मक्तेदारांचा शिरच्छेद झाला. सासरा तिसरा, लाव्हॉझिए चौथा. त्याचें वय पन्नास होतें. न्यायाधीशानें विद्वानांची उपेक्षा करणारे कांहीं उद्गार काढले अशी आख्यायिका पुष्कळ पुस्तकांत आहे, परंतु तिला समकालीन पुरावा नाहीं, म्हणून ती येथें देत नाहीं. त्याचे जुने सहकारी त्या दिवसांत बहुतेक गप्प राहिले. आपला जीव धोक्यांत असतां दुसऱ्यासाठीं बोलणें किती कठीण असतें, हें घरीं बसून लिहिणाऱ्यानें फार सांगूं नये.

मारीवर एकाच दिवशीं पिता व पति गमावण्याचा प्रसंग आला. घरदार, पुस्तकें, उपकरणें सर्व जप्त झालीं. तिलाहि कांहीं काळ तुरुंगांत राहावें लागलें. पुढें सरकारनें शिक्षा अन्यायाची होती हें मान्य करून जप्त केलेलें परत दिलें. पतीनें तुरुंगांत असतांना आपले निबंध एकत्र छापण्याचें काम चालविलें होतें. तें अपुरें राहिलें होतें. मारीनें ते भाग बांधवून १८०५ सालीं स्वतः वांटले. त्याच सालीं तिनें काउंट रम्फर्ड ह्या शास्त्रज्ञाशीं दुसरा विवाह केला, परंतु तो चार वर्षांतच मोडला. तिनें लाव्हॉझिएचें आडनांव सोडलें नव्हतें. १८३६ सालीं ती वारली. तिनें सांभाळून ठेवलेल्या उपकरणांपैकीं बरींचशीं आज पॅरिसच्या कला व उद्योग संग्रहालयांत आहेत, आणि त्यांत त्याचे तराजूहि आहेत.